उभ्याने काढलेला फोटो

"झोपवून काढ," दादा म्हणाला.

तिने दार लोटून कडी घातली. डेपोच्या दवाखान्यातली एक्स-रेची खोली एवढीशी, त्यात दादासारखा आडदांड ड्रायव्हर उभा राहिला की वळायलाही जागा उरायची नाही. शिशाचा एप्रन गळ्यात अडकवून ती त्याच्याकडे बघत राहिली.

"गुडघ्याचा उभ्यानेच काढायचा असतो. नियम आहे."

"नियम मला नको सांगूस, बेबी. जेवताना तूच तर सगळं सांगितलंस."

सांगितलं होतं खरं. तिची जीभ कधी तिच्या ताब्यात नव्हतीच. माणूस उभा राहिला की अंगाचा सगळा भार गुडघ्यावर येतो, झिजलेली हाडं एकमेकांना भिडतात आणि मधे फट किती उरलीय ते खरं दिसतं. त्यालाच आडवा केला की गुडघा सैल पडतो, फट रुंद वाटते. त्या फटीवरून आणि हाडाला फुटलेल्या काट्यांवरून डॉक्टरीणबाई ग्रेड द्यायच्या, शून्य ते चार. तीन आली की ड्रायव्हर गाडीवरून खाली. हे फर्मान निघाल्यापासून डेपोतली माणसं साहेबाला सोडून स्वतःच्या गुडघ्यांची मनधरणी करू लागली होती.

"खाली उतरवलं तर उतरवलं. गेटवर बसवतील तुला."

"गेटवर माणसं भरलीत. घरीच बसवतील. आणि घरी तुझी वहिनी आहे." तो हसला, मग हसू आवरून म्हणाला, "धाकटीचं शेवटचं वर्ष आहे गं. तेवढं होऊ दे, मग मी आपण होऊन किल्ली देतो."

"आणि तोवर गाडी?"

"गावातल्या गावात. सपाट रस्ता. साहेबाला सांगून ठेवलंय मी."

तिने टेबल पुसलं. वर चढताना त्याने उजवा पाय दोन्ही हातांनी उचलून ठेवला, घर बदलताना एखादं जड सामान ठेवावं तसा. तिला ते दिसलं आणि तिने ते पाहिलं नाही.

"हलू नकोस," ती म्हणाली आणि बटण दाबलं.

पलीकडच्या खोलीत डॉक्टरीणबाई पडद्याजवळ वाकून बसल्या होत्या. सकाळपासून त्यांच्या तोंडी एकच आकडा होता. दादाचा गुडघा पडद्यावर आला तशी त्यांनी चष्मा वर सरकवला.

"काटे आहेत. पण फट बरी आहे की याची. आजची पहिलीच." मग त्या वळल्या. "उभ्यानेच काढलाय ना?"

"हो."

"तुमचं बरं असतं, बाई. एकदा विचारलं की झालं. आधीच्या बाईंच्या मागे मला स्वतः उभं राहावं लागायचं." त्यांनी ग्रेड दोन लिहिली, गाडी चालवण्यास योग्य असा शिक्का मारला आणि पुढचा गुडघा मागवला.

दुपारी दादा दवाखान्याच्या खिडकीशी आला. अंगात खाकी, हातात किल्ली, आणि चेहरा मात्र चुकून दुसऱ्याच्या घरात शिरल्यासारखा.

"जरा घोटाळा झालाय, बेबी."

"काय?"

"आतापर्यंत बाकी सगळ्यांची ग्रेड तीन निघाली. घाटातली गाडी न्यायला ड्रायव्हरच उरला नाही. साहेब म्हणतो, तुझाच गुडघा शाबूत आहे, तूच जा."

तिने खिडकीचा गज धरला. "घाट? अरे, उतारभर ब्रेकवर पाय लागतो."

"मला शिकव आता."

"नाही म्हणून सांग त्यांना."

"काय सांगू? गुडघा दुखतो म्हणून? आत्ता तर शिक्का घेऊन आलोय."

"मी सांगते बाईंना. परत काढते. उभ्याने."

"सांग की. मग दोघंही घरी बसू. वहिनीला भाजी निवडायला तेवढेच चार हात."

ती हसली नाही. त्यालाही हसणं जमलं नाही. क्षणभर तो तिथेच घुटमळला, ती आणखी काही बोलेल म्हणून असेल, किंवा बोलू नये म्हणून असेल. मग मैदानातून कुणीतरी गाडी भरल्याची हाक दिली आणि तो वळला.

"बाई, पुढचा पाठवताय ना?" आतून आवाज आला.

तिचा एक पाय त्या दाराकडे वळला होता. दुसरा खिडकीशीच राहिला. बाहेर बस सुरू झाली. जागा नव्हती म्हणून काही माणसं उभी होती. एका बाईने मांडीवरच्या मुलाला खिडकीपाशी धरलं होतं.

डेपोच्या फाटकात पांढरा पट्टा आहे. रस्त्याला लागण्याआधी प्रत्येक गाडीने त्याच्या अलीकडे थांबायचं. बस पट्ट्याशी आली. मागचे ब्रेकचे लाल दिवे लागायला हवे होते.

लागले. बस थांबलीही, पण पट्टा तोवर मागच्या चाकांखाली गेला होता. आतली सगळी डोकी एकदम पुढे झुकली आणि मग सावरत, एकमेकांकडे बघून हसत, पुन्हा मागे टेकली.