हद्दीतलं घर

लंडन सोडून श्रॉपशर परगण्यात राहायला जायचं ठरल्यापासून क्लाइव्हच्या तोंडी एकाच गावाचं नाव होतं, वेनफर्ड. त्याची पहिली बायको हेस्टर तिथल्या चर्चच्या आवारात पुरलेली आहे. मी त्याला आजूबाजूच्या गावांतली चांगली चांगली घरं दाखवली. एकाच्या मागे नदी, एकाला सफरचंदांची बाग. पठ्ठ्याने प्रत्येक घर बघून नाक मुरडलं. वेनफर्डमध्ये विकायला होतं एकच घर, तेही गळकं. ओल इतकी की भिंतीला टेकलं तर पाठ भिजावी.

शनिवारी तो पुन्हा तेच घर बघत बसला, म्हणून मी चर्चकडे गेले. हेस्टरच्या दगडावर तिच्या नावाखाली भली मोठी जागा कोरी सोडली होती. क्लाइव्हच्या नावासाठी, ते कुणी सांगायला नको! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पाद्रीबाई फुलं बदलत होत्या. त्यांना एक गोष्ट विचारली आणि तरातरा परत आले.

माझं तोंड बघूनच क्लाइव्ह नरमला. "बरं बाई, तुझंच खरं. पलीकडच्या गावातलं बागेचं घर घेऊ."

"मुळीच नाही. हेच घ्यायचं."

"अगं, पण हे गळतंय!"

"गळू दे. पाद्रीबाई म्हणाल्या, तुझी जागा हेस्टरशेजारी आधीच राखलेली आहे; बाकी या आवारात पुरायला हक्काची जागा फक्त या गावात राहणाऱ्यांना मिळते. तुम्ही दोघं इथे शेजारी शेजारी, आणि मी पलीकडच्या गावात एकटी पडून राहू होय?"