मी येतोच मागून

पठाराखालचा लाव्हा पुन्हा तापू लागल्यापासून धामणीच्या चावडीवरचा भोंगा रोज सकाळी डोंगराची खबर द्यायचा, तीही भूगर्भशास्त्रज्ञ ओकसरांच्या आवाजात. सर गेल्यावरही यंत्र त्यांच्याच आवाजात बोलत राहिलं. ते ऐकवेना, म्हणून त्यांची मुलगी रेवती आवाज बदलायला आली.

“नका बदलू, ताई,” शेजारची हौसाक्का म्हणाली. “परक्याच्या सांगण्यावरनं कोण घर सोडतंय?”

तेवढ्यात जमीन हलली. भोंगा शांतपणे बोलला, “डोंगर उठलाय. चुली विझवा, पोरं घ्या, देवीच्या माळावर चला. मी येतोच मागून.”

अख्खं गाव निघालं. हौसाक्काच्या नातीला कडेवर घेऊन रेवतीही निघाली.

सगळे माळावर पोहोचले, तरी ती वाटेकडे बघतच उभी होती.