फियाटचं टॉनिक

“मुल्लाणीचाचा, उसाची दारू पिऊन आमची फियाट झिंगते का हो?”

गॅरेजच्या दारात मैत्रिणी फिदीफिदी हसल्या. शिवांजली हे विचारणारच नाही, अशी पैज त्यांनी लावली होती. तिला मात्र उत्तर खरंच हवं होतं. गॅरेजात दुरुस्तीला आणलेली आजोबांची ही गाडी चढ आला की धापा टाकून बंद पडायची. वैतागून बाबांनी ती विकायला काढली होती आणि रविवारी गिऱ्हाईक येणार होतं. तोवर तरी चालावी म्हणून त्यांनी लेकीच्या हाती इंजिनच्या टॉनिकची पाचवी बाटली धाडली होती.

चाचांनी बाटलीकडे ढुंकूनही पाहिलं नाही. “झिंगत नाही गं. पण हल्लीच्या पेट्रोलात उसाचं स्पिरिट असतंय, ते हिचं जुनं रबर खातंय. ही नळी बघ.”

नळी चहात बुडवलेल्या पावासारखी झाली होती.

“हिचे तुकडे कार्बोरेटरात अडकतात. तुझे बाबा पोट बिघडलेल्याला खोकल्याचं औषध पाजायलेत.”

“नवी नळी मी बसवू?”

“बसव की. नखं काळी होतील.”

चाचांनी कार्बोरेटर धुतला, नळी तिनं बसवली. मग चाचांनी गाडी टेकडीवर काढली. मागच्या सीटवर पैज हरलेल्या मैत्रिणी कोंबलेल्या असूनही फियाटनं चढ एका दमात संपवला.

घरी आई-बाबा पोहे खात होते. शिवांजलीनं काळ्या नखांच्या हातांनी न उघडलेली बाटली त्यांच्यापुढे ठेवली.

“गाडी विकायची नाही. टॉनिक बंद. आणि बाबा, यापुढे बॉनेट उघडायचं तर आधी मला विचारायचं.”