उजवा खांदा

धनाजीने कोट अंगात घातला आणि उजव्या खांद्याखाली कापडाला एक तिरपी सुरकुती पडली.

हौसेराव मास्तरांना ती लगेच दिसली. ओठांत धरलेल्या टाचण्या त्यांनी एकेक करून काढल्या, म्हणजे तेवढा तरी वेळ मिळावा. कोट अजून कच्च्या टाक्यांवरच होता, ट्रायलचा. पण कापलेलं कापड काही परत सांधत नाही, आणि हे तर जुईनगरात काय, अख्ख्या मुंबईत धुंडाळूनही मिळालं नसतं. धनाजीच्या वडिलांना त्यांच्या गिरणीतून मिळालेलं हे लोकरी कापड. गिरणी बंद पडून जमाना झाला, वडीलही गेले. धनाजीने ते डांबराच्या गोळ्या घालून पत्र्याच्या पेटीत जपून ठेवलं होतं.

मागे मशीनवर प्रीतम कुणाची तरी जीन्स आखूड करत होता. मशीन थांबलं. मुलगा इकडेच बघतोय, हे मास्तरांना मागे न बघताच कळलं.

गेल्या महिन्यात त्यांनी एका गिऱ्हाइकाची बाही दीड इंच आखूड कापली होती. मोतीबिंदू म्हणा, वय म्हणा. प्रीतम तेव्हा ओरडला असता तर बरं झालं असतं. तो शांतपणे म्हणाला होता, "बाबा, अजून एक चूक झाली ना, तर कटिंग बंद. टेबल काढून टाकू. अल्टरेशनवर आरामात चालतं आपलं." तेव्हापासून मास्तर प्रत्येक माप तीनतीनदा घेत, आणि तरी कात्री चालवण्याआधी खडूची रेघ पुन्हा तपासत. पंचावन्न वर्षं कापण्यात गेलेली. ते बंद झाल्यावर माणसाने सकाळी उठायचं तरी कशासाठी, हे त्यांना खरोखर कळत नव्हतं.

धनाजीला यातलं काहीच दिसत नव्हतं. गडी आरशात हरवला होता. धान्यबाजारात एकतीस वर्षं पोती वाहिली, पण हौस मात्र सरदाराची. ऐन उमेदीत त्याने बाजारातल्या एका म्हाताऱ्या व्यापाऱ्याच्या अंगावर असा कोट पाहिला होता. रुंद कॉलर, तीन बटणं, आत जाकीट आणि जाकिटाला घड्याळाचा खिसा. तेव्हापासून हा कोट त्याच्या डोक्यात होता, फक्त घालायला निमित्त मिळत नव्हतं. आता मिळालं होतं. रविवारी खारघरला त्याच्या उज्वलाची सुपारी फुटायची होती, आणि व्याही विसाव्या मजल्यावर राहणारे होते.

"काजं हातानंच करनार न्हवं, मास्तर?"

"हातानंच," मास्तर म्हणाले.

त्यांनी गळ्यातली टेप काढली. कोटाचा डावा खांदा मापला, उजवा मापला. चष्मा पुसून पुन्हा मापला. दोन्ही अगदी तंतोतंत. मग सुरकुती कशाची? त्यांनी धनाजीच्या उजव्या खांद्यावर तळहात ठेवला, हाडापर्यंत दाबला, आणि त्यांना उलगडा झाला. खांदाच खाली होता, डाव्यापेक्षा चांगला इंचभर. एकतीस वर्षांच्या पोत्यांनी तो बसवला होता. माप द्यायच्या दिवशी धनाजी फोटोला उभा राहावा तसा श्वास रोखून, खांदे ताणून उभा होता. आज आनंदात त्याचं भान सुटलं, आणि अंग आपल्या मूळ जागी आलं.

मास्तरांचा जीव भांड्यात पडला. कात्री चुकली नव्हती. आता वळून प्रीतमला तेवढं सांगायचं, की झालं.

तेवढ्यात धनाजीची नजर आरशातल्या सुरकुतीवर गेली. त्याने खांदा वर उचलला. सुरकुती गेली. खांदा सोडला, ती परत आली. त्याने पुन्हा एकदा करून पाहिलं. मग त्याचा चेहरा उतरला.

"मास्तर," तो हळूच म्हणाला, "वाकडं काय हाय? कोट का मी?"

मास्तरांनी टेप पुन्हा गळ्यात अडकवली.

"खरं सांगा. समदी बगनार हायत मला तिथं. पोरीचा बाप वाकडा हाय म्हंतील." क्विंटलभराच्या पोत्याखाली कधी न डगमगलेल्या माणसाचा आवाज कापत होता.

आरशात मास्तरांना धनाजीचे डोळे दिसले, आणि त्याच्यामागे उठून उभा राहिलेला प्रीतमही दिसला. खरं बोलायला दोन शब्द पुरेसे होते, आणि ते बोलले की टेबल वाचत होतं. मास्तरांनी टेबलाची कड धरली.

"कोट," ते म्हणाले. "खांदा चुकीचा कापला गेला माझ्या हातून. आत एक पॅड जास्त घालतो. शनिवारी या, सरळ झालेला असेल."

"तरीच." धनाजीने केवढा तरी श्वास सोडला. त्याच्या तोंडावर पुन्हा रंग आला, तो हसलासुद्धा. "मी म्हनलं, काय झालं मला. उगंच घाबरलो."

कच्चे टाके तुटू नयेत म्हणून त्याने कोट सांभाळून उतरवला आणि मास्तरांच्या हातात दिला. देताना त्यांच्या पाठीवरून हात फिरवला.

"मनाला लावून घिऊ नका, मास्तर. वय झालं की व्हायचंच."

चपला घालता घालता तो थांबला, आणि अगदी मनापासून, मायेने म्हणाला, "प्रीतम, आता बाबांना कापाया लावू नगस रं. बसव घरी. लई केलं त्येंनी."

"हो काका," प्रीतम म्हणाला.