पाचवा शब्द

चपलांच्या कारखान्यात तळ चिकटवताना मावशीला सोल्युशनच्या वासाची चटक लागली, ती बारा वर्षं सुटली नाही. शेवटी तिनं वास घेणंच सोडलं. पहिला आठवडा हात लटपटले, झोप उडाली, भिंतीवर साप दिसले. ती माझ्यावर वसकन ओरडायची. डॉक्टरबाई म्हणाल्या, "मेंदूला सवय झालीये. वास मिळेना म्हणून तो थयथयाट करतोय. सावरेल, पण दम धरा." स्मरणशक्ती किती शाबूत आहे ते बघायला त्यांनी पाच शब्द सांगून दहा मिनिटांनी विचारले. मावशीला एकही आठवला नाही. घरी येताना रडली, पण डगमगली नाही. चौथ्या महिन्यात नवे पाच शब्द मिळाले. दहा मिनिटांनी मावशी बोटांवर मोजू लागली, "कंदील, पायरी, मीठ, बदक..." ती अडली. मी तोंड उघडलं. "गप्प गं!" मावशी गरजली. "खिडकी!" डॉक्टरबाईंनी टाळ्या वाजवल्या. मावशी म्हणाली, "टाळ्या नंतर. आता सात सांगा!"