मनगटापर्यंत

“नाव कमी करायचा अर्ज आणलाय, मॅडम. ही वर्गात तोंडच उघडत न्हाई,” वंदना एका दमात बोलून मोकळी झाली.

शीतल शेजारच्या खुर्चीत नखं कुरतडत बसलेली.

सालेहा मॅडम कॉलेजच्या समुपदेशक. सगळ्याच विद्यार्थ्यांना त्या अहो-जाहो करायच्या. “काय झालं, शीतल? तुम्ही सांगा.”

“पोरं हसतेत,” शीतल पुटपुटली.

“दोन विषय गेले हिचे,” वंदनाच पुढं बोलली. “त्यात बाबा घरी रोज सुनवून राह्यले, बस झालं शिकनं, घरातलं काम बघ म्हणून!” शीतलला बी.ए.ला घालायचा हट्ट वंदनाचाच होता ना! फॉर्म तिनंच भरलेला. पहिल्या दिवशी बदनापूरहून पार वर्गाच्या दारापर्यंत सोडायलाही तीच आल्ती.

“या आठवड्यात जमलेली एक गोष्ट सांगा,” मॅडम शीतलला म्हणाल्या.

“ही काय सांगनार...”

मॅडमनी वंदनाला हातानंच थांबवलं. अन् खुर्ची शीतलकडं वळवली.

“इतिहासाच्या तासाला उत्तर येत होतं मला,” शीतल बोलली एकदाची. “हात वर केल्ता. पन मनगटापर्यंतच. सरांना दिसलाच न्हाई.”

वंदनाला हे ठाऊकच नव्हतं! रोज घरी ती विचारायची काय, तर डबा खाल्ला का? हे कधी विचारलंच न्हाई.

मॅडम हसल्या न्हाईत. “छान. आता कोपरापर्यंत करा. अर्ज तोवर राहू द्या.”

पुढच्या मंगळवारी वंदना गेटपाशी उभी, अर्ज पिशवीतच. अन् समोरून शीतल चक्क पळत आली की!

“वंदना! ए वंदना! पूरा हात वर केला!”

“अन् उत्तर?”

“बिलकुल चुकलं! सगळे हसले. मंग मीबी हसले!”

वंदनानं तिथंच अर्ज टराटरा फाडला, अन् दोघी तशाच मॅडमकडं गेल्या.

मॅडमनी शीतलला बोलण्याच्या सरावाच्या गटात घेतलं. त्याचा फॉर्म होता, त्यावर पालकाची सही पाहिजे होती. वंदनानं झोकात सही ठोकली. खाली एक रकाना उरला, ‘पालकाचे विद्यार्थिनीशी नाते’. त्यात तिनं आपल्या आईकडं, शीतलकडं बघत ठसठशीत अक्षरात लिहिलं, ‘लेक’.