हॉपवुडांची रस्सीखेच

सासूबाईंनी दोर उचलला. “हे आडनाव मी माहेरच्यापेक्षा जास्त वर्षं लावलंय, शलाका. पण यांच्या लेखी अजून पाहुणीच. तीही भांडी घासणारी.”

ओहायोतल्या हॉपवुडांच्या मेळाव्यात दरवर्षी रस्सीखेच व्हायची. एकीकडे जन्माचे हॉपवुड, दुसरीकडे लग्नाने झालेले. हरणाऱ्यांनी सगळ्यांची भांडी घासायची. लग्नाचे कधीच जिंकले नव्हते.

शलाका कोल्हापूरची, शाळेच्या संघातून दोर ओढलेली. तिने सासूबाईंना, जावांना, जावयांना बूट काढायला लावले. “आधी ओढायचं नाही. टाचा रोवून नुसतं धरायचं. ते दमले की मी सांगेन.”

शिट्टी वाजली. समोरचे लालबुंद होईपर्यंत ओढत राहिले. दोर जागचा हलेना.

“काय सूनबाई, झोप लागली का?” चुलतसासरे धापा टाकत म्हणाले.

“हुप्प,” शलाका म्हणाली.

एक पाऊल.

“हुप्प.”

आणखी एक.

“हुप्प.”

जन्माचे सगळे हॉपवुड गवतावर तोंडघशी पडले.

जेवणं उरकल्यावर सासूबाई खुर्चीत पाय पसरून बसल्या. सासरे बाह्या सरसावून नळापाशी उभे होते.

“कडा नीट घास, हॅरल्ड,” त्या म्हणाल्या. “आम्हा हॉपवुडांना भांडी लख्ख लागतात.”